वाचकांचे प्रश्न : रेडिएटरला ब्लोअर लावताना

प्रश्न : माझ्या संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही एकाच लूपमधील, म्हणजे नळ्यांच्या बंद चक्रातील, पाण्याने थंड होतात. लूपमध्ये साधारण एक लिटर पाणी आहे. रेडिएटर २४० मिलिमीटरचा, ६० मिलिमीटर जाडीचा आणि दाट फिनचा (धातूच्या पातळ पट्ट्यांचा) आहे. त्यावर १२० मिलिमीटरचे दोन साधे पंखे असून प्रत्येकावर ६० सीएफएम (मिनिटाला ६० घनफूट हवा) असे लिहिलेले आहे. तासन्‌तास रेंडरिंग चालते तेव्हा दोन्ही मिळून सुमारे ३५० वॅट वीज घेतात. त्या वेळी प्रोसेसर ८४ अंशांवर, ग्राफिक्स कार्ड ६२ अंशांवर आणि पाणी ४४ अंशांवर स्थिरावते. खोलीचे तापमान २८ अंश असते आणि रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवा ४२ अंशांची असते. माझ्याकडे एका जुन्या यंत्रातून काढलेला ब्लोअर आहे. त्याच्या लेबलवर १२ व्होल्ट, २.४ अँपियर, १०० सीएफएम आणि कमाल दाब २५ मिलिमीटर (पाण्याचा स्तंभ) असे आकडे आहेत, आणि त्याचे हवा सोडणारे तोंड ६० बाय ५० मिलिमीटरचे आहे. दोन्ही पंखे काढून त्यांच्या जागी हा एकच ब्लोअर लावला तर उपयोग होईल का? ब्लोअरचे तोंड थेट रेडिएटरवर धरावे की कसे? आणि तो मदरबोर्डवरील पंख्याच्या जोडणीला लावला तर चालेल का?

उत्तर : आपण पाण्याचे आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजून कळवले, याबद्दल आपले मनापासून आभार. बहुतेक पत्रांत केवळ प्रोसेसरचे तापमान असते आणि त्या एका आकड्यावरून रेडिएटरविषयी काहीच ठरवता येत नाही. आपल्या आकड्यांवरून मात्र हवा नेमकी कोठे कमी पडते आहे, हे कागदावरच दिसते.

पाणी ४४ अंशांचे आणि बाहेर पडणारी हवा ४२ अंशांची, याचा अर्थ असा की रेडिएटरमधून जाणारी हवा पाण्याकडून जेवढी उष्णता घेणे शक्य आहे तेवढी जवळजवळ सगळी घेऊनच बाहेर पडते आहे. रेडिएटरचे क्षेत्रफळ पुरेसे आहे; तुटवडा हवेचा आहे. ही हवा किती, तेही काढता येते. एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. आपल्याकडे ३५० वॅट उष्णतेने हवा १४ अंशांनी तापते, म्हणून सेकंदाला साधारण २१ लिटर, म्हणजे सुमारे ४४ सीएफएम एवढीच हवा रेडिएटरमधून वाहते आहे. पंख्यांच्या लेबलांवरील आकड्यांची बेरीज १२० होते. ती बेरीज खोटी नाही, परंतु समोर कोणताही अडथळा नसतानाची आहे, आणि ६० मिलिमीटर जाडीचा दाट रेडिएटर हा मोठाच अडथळा आहे.

साध्या पंख्याची अडचण इथेच आहे. १२० मिलिमीटरचा नेहमीचा पंखा पूर्ण कोंडला तरी पाण्याच्या दीड ते अडीच मिलिमीटर स्तंभाइतकाच दाब निर्माण करू शकतो, आणि एक मिलिमीटर स्तंभ म्हणजे जेमतेम ९.८ पास्कल. हवेचे प्रमाण वाढवायचे तर रेडिएटरचा विरोध त्याहून वेगाने वाढतो. प्रवाह दुप्पट केला तर लागणारा दाब जवळजवळ तिप्पट ते चौपट होतो. आपले पंखे त्यांच्या दाबाच्या कमाल मर्यादेजवळ आधीच पोचलेले असल्यामुळे त्यांच्याकडून याहून फारशी अपेक्षा करता येणार नाही. ब्लोअरमध्ये हवा आसाच्या दिशेने आत शिरते, इंपेलरची, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाची, पाती तिला परिघाकडे फेकतात आणि शंखाकृती कवच तिला गोळा करून एका बाजूने सोडते. या रचनेत दाब कित्येक पटींनी अधिक मिळतो. आपल्या रेडिएटरमधून ८० सीएफएम हवा न्यायला माझ्या अंदाजाने ४ ते ६ मिलिमीटर दाब लागेल. २५ मिलिमीटर क्षमतेच्या ब्लोअरला तो सहज झेपेल आणि तेवढ्या दाबावर त्याच्या १०० सीएफएमपैकी सुमारे ८० शिल्लक राहावेत.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र लाभ किती, हे आधीच स्पष्ट असलेले बरे. हवा ४४ वरून ८० सीएफएमवर गेली तर पाणी आणि खोली यांतील फरक १६ अंशांवरून १० ते ११ अंशांवर यावा, म्हणजे पाणी ३९ अंशांच्या आसपास स्थिरावेल. पाणी पाच अंशांनी उतरले की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डही साधारण तेवढ्याच अंशांनी उतरतील, त्याहून अधिक नाही. प्रोसेसर ८४ आणि पाणी ४४ यांतील ४० अंशांचा फरक चिप, तिच्यावरचे धातूचे झाकण, थर्मल पेस्ट आणि वॉटर ब्लॉक (चिपवर बसवलेला, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) यांच्यात आहे. रेडिएटरवर कितीही हवा सोडली तरी त्या ४० अंशांना ती शिवतही नाही. प्रोसेसर ७० अंशांवर आणण्याच्या अपेक्षेने आपण ब्लोअर बसवणार असाल, तर आधी ब्लॉक उघडून पेस्ट बदलणे आणि त्याचे चारही स्क्रू समान दाबाने आवळणे हे अधिक फलदायी आहे.

आता ब्लोअर कसा लावावा, याविषयी. हा सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. ब्लोअरचे तोंड रेडिएटरवर रोखून हवा ढकलण्याची कल्पना पहिल्यांदा सुचते, कारण ब्लोअर म्हणजे फुंकणारे यंत्र, असे आपल्या मनात ठसलेले असते. पण मापे पाहा. तोंडाचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटीमीटर आणि रेडिएटरचे २८८ चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ दहापट. ८० सीएफएम हवा त्या तोंडातून सेकंदाला १२ मीटरांहून अधिक वेगाने बाहेर पडेल, तर तीच हवा रेडिएटरच्या सर्व पृष्ठभागावर समान पसरली तर तिचा वेग सेकंदाला १.३ मीटर एवढाच असायला हवा. इतका वेगवान झोत समोरच्या तळहाताएवढ्या भागातून आरपार जातो, कडांना जवळजवळ काहीच पोचत नाही, आणि ब्लोअर व रेडिएटर यांना जोडणाऱ्या पेटीच्या कोपऱ्यांत हवा नुसती गरगरत राहते. झोत भिंतींपासून न सुटता पसरावा यासाठी नळी फार सावकाश रुंदावावी लागते. प्रत्येक बाजूला सुमारे ७ अंशांचा कल धरला, तर ६० मिलिमीटरपासून २४० मिलिमीटरपर्यंत रुंदावण्यास ७३ सेंटीमीटर लांबीची नळी लागेल. एवढी जागा कोणत्या कॅबिनेटमध्ये आहे?

म्हणून ब्लोअरने हवा ढकलू नये, ओढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रेडिएटरच्या एका बाजूला हवाबंद पेटी बसवावी आणि त्या पेटीच्या पाठीला ब्लोअरचे हवा घेणारे गोल तोंड जोडावे. ओढल्या जाणाऱ्या हवेला झोत नसतो. पेटीतील दाब सगळीकडे जवळपास सारखाच कमी होतो आणि रेडिएटरच्या प्रत्येक भागातून हवा जवळजवळ सारख्याच प्रमाणात आत येते. शेंगदाण्याचा ढीग वरून फुंकला तर मधलीच टरफले उडतात, तसे इथे होत नाही. शिवाय पंख्याच्या मध्यभागी असलेल्या मोटरच्या मागे हवा न पोचणारा जो पट्टा राहतो, तोही पेटीमुळे उरत नाही. ब्लोअरच्या मोटरला ४० अंशांच्या आसपासची हवा लागेल, आणि ती तिला बाधणारी नाही.

पेटीची खोली जेवढी अधिक तेवढे बरे, परंतु एक किमान मर्यादा पाळावी : फिन आणि ब्लोअरचे गोल तोंड यांच्यातील अंतर त्या तोंडाच्या निम्म्या व्यासापेक्षा कमी नसावे. तोंड ८५ मिलिमीटरचे असेल तर ४३ ते ५० मिलिमीटर खोली हवीच, आणि आपला रेडिएटर लांबट असल्यामुळे, जागा असल्यास, ६० मिलिमीटर ठेवावी. तोंड पेटीच्या मध्यावर असावे. पाच-सहा मिलिमीटरचे ॲक्रिलिक किंवा प्लायवूड या कामाला उत्तम. पातळ पत्रा किंवा पुठ्ठा ढोलासारखा थरथरतो. रेडिएटर आणि पेटी यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी चारही बाजूंनी अखंड लावावी. साध्या पंख्याच्या बाबतीत लहानशी फट फारशी नडत नाही, पण दाबाचा फरक वाढला की प्रत्येक फटीतून रेडिएटर चुकवून हवा आत शिरते आणि ब्लोअरची मेहनत वाया जाते. पेटी तयार झाल्यावर अगरबत्तीचा धूर सांध्यांजवळ फिरवून पाहावा. धूर जिथे आत खेचला जाईल तिथे गळती आहे.

आपल्या ब्लोअरला दोन्ही बाजूंनी हवा घेणारी तोंडे असतील, तर एकच तोंड पेटीला जोडून चालणार नाही, कारण उरलेल्या तोंडातून तो खोलीचीच हवा ओढत राहील. दुसरे तोंड बंद केल्यास हवेचे प्रमाण घटते. अशा वेळी संपूर्ण ब्लोअर मोठ्या पेटीत ठेवून केवळ त्याचे सोडणारे तोंड बाहेर काढणे योग्य.

स्क्रूविषयी विशेष सावध राहावे, कारण इथली चूक रेडिएटर कायमचा निकामी करते. रेडिएटरच्या स्क्रूच्या भोकांच्या थेट मागे पुष्कळदा पाण्याची नळी असते. २५ मिलिमीटर जाडीच्या पंख्यासाठी दिलेले ३० मिलिमीटरचे स्क्रू पेटीच्या ५ मिलिमीटर जाडीच्या कडेतून घातले, तर ते सरळ नळीत घुसतील. पेटीची जाडी अधिक ५ मिलिमीटर, याहून लांब स्क्रू वापरू नये. आटेही तपासावेत, कारण काही रेडिएटरना एम-३ चे, तर काहींना ६-३२ चे आटे असतात. हे दोन्ही दिसायला इतके सारखे आहेत की चुकीचा स्क्रू अर्धाअधिक आत जाऊन मग अडतो. अडला की जोर लावू नये. १२० मिलिमीटर पंख्याच्या भोकांमधील अंतर १०५ मिलिमीटर असते, त्यावरून पेटीची आखणी करता येईल.

ब्लोअरचे वजन रेडिएटरवर लटकवू नये. तो कॅबिनेटच्या चौकटीवर रबरी बुशवर बसवावा आणि पेटीशी त्याचा सांधा मऊ रबराचा किंवा फोमचा ठेवावा, म्हणजे त्याची थरथर रेडिएटरच्या सांध्यांत आणि नळ्यांत उतरणार नाही. सोडणारे तोंड कॅबिनेटच्या बाहेरच उघडावे. आतच गरम हवा सोडली तर तीच पुन्हा रेडिएटरकडे येते आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. शक्य असल्यास रेडिएटरने हवाही थेट खोलीतून घ्यावी. मात्र मग मदरबोर्डवरील वीजनियंत्रक भाग आणि मेमरी यांच्यासाठी कॅबिनेटमध्ये एक लहान पंखा वेगळा ठेवावाच लागेल, कारण त्यांना पाण्याचा स्पर्श होत नाही. आजवर त्यांना जी हवा लागत होती ती रेडिएटरच्या पंख्यांचीच होती, हे पंखे काढल्यानंतरच ध्यानात येते.

वीजजोडणीबाबत उत्तर नकारार्थी आहे. मदरबोर्डवरील पंख्याची नेहमीची जोडणी १ अँपियर, म्हणजे १२ वॅटपर्यंतच वीज देण्यासाठी असते. आपला ब्लोअर जवळजवळ २९ वॅट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याहूनही अधिक. त्याला पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवरून, मध्ये ४ अँपियरचा सावकाश वितळणारा फ्यूज घालून, स्वतंत्र वीज द्यावी. ब्लोअरला चार तारा असतील तर वेगाचे नियंत्रण करणारी आणि फेऱ्यांची मोजणी कळवणारी अशा दोनच तारा मदरबोर्डला जोडाव्यात. ऋण तार दोन्हीकडे समाईक असल्यामुळे नियंत्रण नेहमीप्रमाणे चालते. दोनच तारा असतील तर किमान ५ अँपियरचा, व्होल्टेज कमीजास्त करणारा नियंत्रक घ्यावा. वीज सतत तोडत-जोडत वेग घटवणारे स्वस्त नियंत्रक आतमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या ब्रशविरहित मोटरला मानवत नाहीत.

हा ब्लोअर पूर्ण वेगाने चालवण्याचा सल्ला मी देणार नाही. वेग ८० टक्क्यांवर आणला तर हवा ८० टक्के राहते, पण वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. त्या बदल्यात पाणी केवळ दीड-दोन अंशांनी अधिक तापेल. माझ्या दृष्टीने हा सौदा निःसंशय स्वीकारण्यासारखा आहे. सोडणाऱ्या तोंडाला सावकाश रुंदावणारी, आतून फोम लावलेली वीस-पंचवीस सेंटीमीटरची नळी जोडली तर आवाज आणखी निवळतो.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. दोन पंख्यांपैकी एक बंद पडला तरी दुसरा थोडे काम चालवून नेतो. इथे एकच ब्लोअर आहे. तो थांबला आणि ३५० वॅट उष्णता चालूच राहिली, तर आपले एक लिटर पाणी मिनिटाला सुमारे ५ अंशांनी तापेल. ३९ वरून ६० अंशांवर जायला चार-सव्वाचार मिनिटे पुरतील, आणि त्यानंतर पंप व नळ्यांच्या आयुष्याची खात्री देता येत नाही. म्हणून फेऱ्यांची तार मदरबोर्डला जोडून, ब्लोअर थांबताच संगणक बंद होईल अशी सोय बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा सॉफ्टवेअरमध्ये करावी. ब्लोअरला अशी तारच नसेल, तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर लावून ५० अंशांवर संगणक बंद करण्याची आज्ञा द्यावी. ही सोय होईपर्यंत संगणक रात्रभर काम करत सोडू नये.

प्रश्न : २४० मिलिमीटरच्या रेडिएटरच्या निम्म्या भागावर ब्लोअर आणि उरलेल्या निम्म्यावर जुना पंखा, असे दोन्ही ठेवले तर अधिक हवा मिळणार नाही का?

उत्तर : दोघेही एकाच पेटीवर बसवले असतील तर उलट कमी मिळेल. शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन यंत्रांना पेटीतील दाब समाईक असतो. ब्लोअर पेटीत ५ मिलिमीटरची ओढ निर्माण करील आणि साधा पंखा दोन मिलिमीटरांच्या पलीकडे टिकाव धरू शकत नाही. त्यामुळे पंखा फिरत राहिला तरी त्याच्यातून हवा उलटी आत येईल, आणि ब्लोअर रेडिएटरऐवजी त्या सोप्या वाटेने श्वास घेईल. पेटीत मधोमध हवाबंद पडदा घालून दोघांचे भाग वेगळे केले तर ही अडचण राहत नाही, पण मग ब्लोअरचा लाभ निम्म्याच रेडिएटरला मिळतो. पंखा ठेवायचाच असेल तर तो ब्लोअरच्या शेजारी नव्हे, रेडिएटरच्या पलीकडच्या बाजूला, हवा आत ढकलेल असा लावावा. एकामागोमाग बसवलेल्या यंत्रांच्या दाबांची बेरीज होते. तरीही ८० सीएफएमच्या प्रवाहात लहान पंखा मदत करण्याऐवजी स्वतःच अडथळा ठरण्याचा संभव आहे, तेव्हा लावण्याआधी आणि नंतर पाण्याचे तापमान मोजूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : ब्लोअर उलटा फिरवून त्याच्याकडून आलटून-पालटून हवा ढकलण्याचे आणि ओढण्याचे काम घेता येईल का?

उत्तर : नाही. फिरण्याची दिशा उलटली तरी हवा मधल्या तोंडातूनच आत जाते आणि कडेच्या तोंडातूनच बाहेर पडते. केवळ तिचे प्रमाण आणि दाब पुष्कळच घटतात.

प्रश्न : माझ्याकडे प्रोसेसरसाठी तयार मिळणारा, १२० मिलिमीटरचा पातळ रेडिएटर असलेला बंद संच आहे. प्रोसेसर २०० वॅट घेतो, खोली २७ अंश, पाणी ४३ अंश, आणि बाहेर पडणारी हवा ३४ अंश असते. वरील पद्धतीने ब्लोअर लावून पाणी ३५ अंशांपर्यंत आणता येईल का?

उत्तर : आपल्याकडेही पाणी आणि खोली यांतील फरक १६ अंशांचाच आहे, पण कारण अगदी उलट आहे. आपली हवा केवळ ७ अंशांनी तापून बाहेर पडते. पाण्याच्या तापमानापासून ती अजून ९ अंश दूर आहे. हवा भरपूर आहे, सुमारे ५० सीएफएम, परंतु पातळ रेडिएटरमधून जाताना तिला उष्णता घ्यायला पुरेसा पृष्ठभाग मिळत नाही. अशा ठिकाणी प्रवाह दुप्पट केला तरी पाणी काही अंशांनीच उतरेल, ३५ अंशांपर्यंत खचित येणार नाही, आणि त्यासाठी आवाज मात्र खूप वाढेल. त्याऐवजी २४० मिलिमीटरचा रेडिएटर असलेला संच आणि त्यावर आपल्या आताच्या पंख्यासारखेच दोन पंखे लावले, तर पृष्ठभाग आणि हवा दोन्ही दुप्पट होऊन फरक ८ अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी ३५ अंशांवर येईल. ब्लोअर आणि पेटी यांचा खटाटोप आपण करू नये. संच बदलताना पंप लूपमधील सर्वांत उंच जागी येणार नाही, एवढे पाहावे, कारण आत राहिलेली हवा वर चढून पंपात साठते आणि तो खडखडू लागतो.